सात घरांची एकच तुळस

पंधरा वर्षं मी वर्गात एकच सकाळ सांगत आले. "अरुणोदय होताच पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट सुरू होतो, पूर्णविराम. आई अंगणात सडा घालते, स्वल्पविराम, रांगोळी काढते आणि तुळशीला पाणी घालते, पूर्णविराम." मी खुर्चीत बसून सांगायची आणि आठवीच्या बेचाळीस मुली माना खाली घालून उतरवून घ्यायच्या. मग पाठांतर, मग परीक्षा. परीक्षेत तीच सकाळ बेचाळीस वेळा माझ्यापुढे यायची आणि मी वीसपैकी सोळा मार्क देऊन मोकळी व्हायची. मराठीत माझ्या वर्गातली एकही मुलगी नापास होत नसे. पांढरीपांडे बाईंचा वर्ग म्हटलं की पालक निश्चिंत, आणि मला त्याचा केवढा तोरा.

ती सकाळ माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मी ट्रेनिंगला होते तेव्हा वसतिगृहात एक जाडजूड वही फिरायची. आदर्श निबंध. कुणी लिहिली होती ते देवाला ठाऊक. जाणारी बॅच येणाऱ्या बॅचला द्यायची, आणि आम्ही होऊ घातलेल्या बाया रविवारी दुपारी बसून ती उतरवून घ्यायचो. गाय, पावसाळा, फाटक्या पुस्तकाचे मनोगत, आमच्या घरची सकाळ. चाळीस निबंधांची शिदोरी घेऊन आम्ही नोकरीला लागलो. माझ्या स्वतःच्या माहेरी दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं होतो आणि आमची सकाळ म्हणजे नळावरची भांडणं. पण वहीतल्या सकाळीत आजी जपमाळ ओढत होती, बाबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मला ती आवडली होती. नसलेली सकाळ सांगायला मला कधी जड गेलं नाही.

आमची मुलींची शाळा इंदोऱ्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. वर्गात निम्म्या मुली सदरकडच्या नोकरदारांच्या, निम्म्या इंदोऱ्याच्या वस्तीतल्या. वस्तीतल्यांपैकी बहुतेकींच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. ही गोष्ट सहासष्ट सालची. त्या जुलैत मी नेहमीप्रमाणे सकाळ सांगत होते आणि तुळशीपाशी आले तेव्हा मागच्या बाकावरून एक हात वर झाला. वच्छला सोमकुवर. काळीसावळी, किडकिडीत, वर्गात कधी तोंड न उघडणारी. स्वतःचं एकही पुस्तक नाही, शेजारणीच्या पुस्तकात वाकून वाचायची.

"बाई, आमच्या घरी तुळस नाही जी. आमी बौद्ध आहो."

"मग निबंधात लाव," मी म्हणाले. "निबंधात लावायला काय माती लागते?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. हजरजबाबी म्हणून माझं नाव होतं. वच्छला खाली बसली आणि तिनं तुळस लिहून घेतली.

डिसेंबरात एका वाचनालयाचं पत्रक आलं. शहरातल्या शाळांसाठी निबंध स्पर्धा, आठवीच्या वर्गासाठी, प्रत्येक शाळेचा एक निबंध. पहिल्या येणाऱ्या मुलीला मॅट्रिकपर्यंतची सगळी पुस्तकं. विषय बघून मला हसूच फुटलं: आमच्या घरची सकाळ. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'निबंध विद्यार्थिनीचा स्वतःचा असावा.' ते मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, वर दम भरला की कुणी पुस्तकातून चोरलं तर माझ्याशी गाठ आहे. माझ्या वहीचा त्या वाक्याशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. बाईंनी सांगितलेलं म्हणजे मुलीचं स्वतःचंच, असा आम्हा सगळ्यांचा हिशेब होता.

तीन दिवसांनी निबंध आले. एक्केचाळीस अरुणोदय, एक्केचाळीस तुळशी. आणि एक कागद वच्छलाचा. तो अजून माझ्याजवळ आहे, म्हणून शब्दशः देते.

'आमच्या घरी सकाळ होते तेव्हा आई घरी नसते. ती अंधारातच संत्रा मार्केटात जाते. जाताना चुलीच्या राखेत चहा भरलेला गंज ठेवून जाते. मी उठल्यावर आधी गंजाला हात लावते. तो गरम असला तर आई आत्ताच गेली आणि थंडा असला तर मी उशिरा उठली. आमच्या घरी घड्याळ नाही. मग बाबा मिलमधून रातपाळी करून येतात. आमची सकाळ झाली की त्यांची रात्र होते, म्हणून मी आणि भाऊ हळू बोलतो. आमच्या घरी सकाळी कोणी मोठ्याने बोलत नाही. आई संत्री निवडते. कोणते संत्रे आतून पोकळ आहे ते ती नुसता हात लावून सांगते. संध्याकाळी ती माझ्या डोक्यावर हात ठेवते तेव्हा मला वाटते की ती मलाही पाहून राहिली. तेव्हा मी चूपचाप बसते.'

एवढाच. पाऊण पान.

मी तो दोनदा वाचला. तो आवडला, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच राग आला. ही मुलगी असं लिहूच शकत नाही. कुठल्या तरी मासिकातून उचललं असणार, मध्ये एकदोन गावठी शब्द पेरले असणार. हे मला का वाटलं, ते आज स्पष्ट लिहिते. गोपिकानं हे लिहिलं असतं, वकिलाच्या मुलीनं, तर मी शाळाभर नाचवलं असतं. सोमकुवर आडनावाच्या मुलीनं लिहिलं म्हणून मला ते चोरीचं वाटलं. आणि दुसरं कारण याहून हलकं: पंधरा वर्षं मी सांगितलेल्या सकाळीपेक्षा ती सकाळ चांगली होती.

मधल्या सुट्टीत तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

"कुठून उतरवलास?"

"कुठून नाही जी बाई. म्याच लिवला."

"खरं सांग. कुणाच्या घरी मासिक येतं?"

"नाही जी."

"बरं. बस इथे. हा कागद घे. आमच्या घरची संध्याकाळ, या विषयावर लिही. अर्धा तास देते."

खोलीत चार शिक्षिका चहा पीत होत्या, हसत होत्या, मध्येच तिच्याकडे बघत होत्या. मी समोर खुर्ची टाकून बसले, हाताची घडी घालून. तिनं नाव लिहिलं. तारीख लिहिली. विषय लिहून त्याखाली रेघ मारली. मग पेन हातात धरून बसून राहिली. अर्ध्या तासानं कागदावर तेवढंच होतं.

"सुचून नाही राहिलं जी."

"सकाळ सुचली आणि संध्याकाळ सुचत नाही?"

मला पुरावा मिळाला. आपल्यावर नजर रोखून कुणी बसलं तर आपल्यालाही ओळ सुचत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इन्स्पेक्टर वर्गात आला की माझ्या तोंडून साधा श्लोक फुटत नसे. पण तेव्हा ते आठवायचं नव्हतं. मी लाल शाईनं तिच्या निबंधावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवं लिहिलं, 'नक्कल'. आणि पुढच्या तासाला तिला वर्गासमोर उभं केलं.

"चोरी केली असं कबूल कर, विषय संपला. नाहीतर उद्या आईला घेऊन ये."

इतका वेळ ती माझ्याकडे बघत होती. आईचं नाव निघाल्यावर तिनं मान खाली घातली. "आईले नका बोलावू जी. तिचं काम बुडते."

"मग?"

"हो जी. केली."

"काय केली?"

"चोरी केली."

एक्केचाळीस मुलींनी ते ऐकलं. मी म्हणाले, "बस आता. पुन्हा असं करू नकोस." माझ्या आवाजात चक्क माया होती. क्षमा करणाऱ्या माणसाची असते तशी. ती माया आठवली की आजही मला स्वतःची किळस येते.

स्पर्धेला गोपिकाचा निबंध गेला. म्हणजे माझा. म्हणजे वहीचा. अक्षर मात्र गोपिकाचं होतं, मोत्यासारखं.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सदरच्या एका सभागृहात निकाल होता. मी ठेवणीतली साडी नेसले होते. एका बाजूला गोपिका, दुसऱ्या बाजूला आमचे हेडमास्तर मनोहरराव. परीक्षक म्हणून पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. आवाज बारीक, पण शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"बावीस शाळांतून निबंध आले," ते म्हणाले. "त्यांतल्या सात घरांत एकच आजी एकच जपमाळ ओढते. सात घरांच्या अंगणात एकच तुळस आहे. सातही वडील एकच वर्तमानपत्र वाचतात. काना, मात्रा, स्वल्पविराम, कशातही फरक नाही. शाळांची नावं मी घेत नाही. त्या शाळांना ती ठाऊक आहेत."

सभागृहात हशा पिकला. मला वाटलं, आपण खुर्चीसकट खाली जावं. पुढच्या रांगेत एक डोकं खाली गेलं, उजवीकडे दुसरं. त्यातल्या एकीला मी ओळखलं. ट्रेनिंगला माझ्या खोलीत होती. आम्ही दोघींनी ती वही समोरासमोर बसून उतरवली होती.

"बाई," गोपिका माझ्या कानाशी आली, "हे तर आपलं..."

"गप्प बस."

"उरलेल्या पंधरांतही कुणाच्या घरची सकाळ मला दिसली नाही," परीक्षक म्हणाले. "म्हणून पहिलं बक्षीस या वर्षी कुणालाच नाही."

मनोहरराव भला माणूस. बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता एवढंच म्हणाले, "वर्गात एखादा निराळा निबंध नव्हता का हो बाई? एकही?"

"नव्हता," मी म्हणाले. खोटं, आणि किती चटकन. निराळा निबंध माझ्या कपाटात लाल शाईखाली पडलेला होता. पुस्तकं ठेवलेली होती, घ्यायला कुणी नव्हतं, आणि ज्या मुलीला ती मिळाली असती तिच्याकडून मी चोरी कबूल करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी संत्रा मार्केटात गेले. माफी मागायला गेले असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी अजूनही तपासायलाच गेले होते. कुठे तरी आशा होती की मुलीनं थोडं तरी खोटं लिहिलं असेल, म्हणजे माझं ओझं तेवढं हलकं होईल.

थंडी कडक होती. जमिनीवर संत्र्यांचे ढीग, बाजूला लाकडी पेट्या आणि त्यांत अंथरायला भाताचं तणस. ढिगाभोवती बाया बसलेल्या. अंजनाबाई सोमकुवर कोणती, असं विचारल्यावर एकीनं बोट दाखवलं. ती शेजारणीशी बोलत होती, ढिगाकडे तिचं लक्षही नव्हतं, आणि हात आपले चाललेले. उचलायचं, अंगठ्यानं जरासं दाबायचं, पेटीत. उचलायचं, दाबायचं, बाजूच्या टोपलीत. मी टोपलीतलं एक संत्रं उचलून दाबलं. साल आत गेली, आत हवा होती. मुलीनं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

"वच्छलाची आई ना? मी तिच्या शाळेतली..."

ती ताडकन उठली, हात लुगड्याला पुसले. "तुमी येणार हे मले माहीत होतं जी. काय चोरलं पोरीनं?"

मी हातातलं संत्रं टोपलीत परत ठेवलं.

"वस्तीतल्या पोरींनी सांगतलं मले, का वच्छीनं शाळेत चोरी केली म्हणून. म्या लय मारलं तिले. पण काय चोरलं ते सांगूनच नाही राहिली. कोणाचा पेन होता का? पुस्तक? काय असन ते सांगा जी, आमी भरून देतो. आमच्या घरात आजपर्यंत कोणी कोणाच्या वस्तूले हात नाही लावला."

"तिनं काही चोरलं नाही," मी म्हणाले.

"मंग तुमी चोरी काहून म्हटली?"

आजूबाजूच्या बायांचे हात थांबले होते. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्या बाईच्या तोंडावर बोलता येण्यासारखं नव्हतं. "तिनं निबंध फार चांगला लिहिला होता," मी म्हणाले. "मला वाटलं, तिचा नसेल."

"चांगला लिवला म्हणून चोर?"

"माझी चूक झाली."

ती खाली बसली आणि तिचे हात पुन्हा ढिगाकडे गेले. "हात लावला का मले संत्र्याचं समजते जी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पोरीचं नाही समजलं. तुमचं खरं मानलं आन तिले मारलं."

मी निघणार तेवढ्यात तिनं मला थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता. त्याहून वाईट काहीतरी होतं, ती मला घाबरली होती. "बाई, तिले पास तर कराल ना? म्या सांगतो तिले, बाई सांगते तसंच लिहीत जाय म्हणून. आपलं डोकं नको लावू."

"नका, तसं सांगू नका," मी म्हणाले. पण ते बाईंचं सौजन्य आहे असं समजून तिनं नुसती मान हलवली.

शाळेत जाताना मी वाटेत ठरवलं, वर्गासमोर सांगायचं. जिथे केलं तिथेच निस्तरायचं. आणि सांगितलंही. काय सांगितलं ते ऐका. मी म्हणाले, "वच्छलाच्या निबंधाबाबत गैरसमज झाला होता." गैरसमज झाला होता, जसा काल पाऊस झाला होता. कुणाचा, ते सांगितलं नाही. चोरी हा शब्द मी वर्गात दहा वेळा उच्चारला होता, चूक हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. मुलींनी हो बाई म्हटलं आणि पुस्तकं उघडली.

सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ तिला एकटीला गाठलं. तिथे मात्र धीट झाले. "माझी चूक झाली, वच्छला. तुझा निबंध शाळेच्या अंकात छापू या. तुझ्या नावानं. आईला किती आनंद होईल."

"नको जी बाई."

"अगं, पण का?"

"आईले वाचता नाही येत," ती म्हणाली, आणि प्यालेला ग्लास धुऊन, पालथा घालून निघून गेली.

मी ती जाड वही कपाटाच्या तळाशी टाकली. वर्गात निबंध सांगणं बंद केलं. मुली कावऱ्याबावऱ्या झाल्या, दोन पालक मनोहररावांकडे तक्रार घेऊन आले. मी बधले नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचा पेपर मीच काढला आणि त्यात मुद्दाम घातलं: आमच्या घरची सकाळ. खाली सूचना, 'स्वतःच्या घराबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहा.' हा प्रश्न एकाच मुलीसाठी होता. तिनं पुन्हा तो राखेतला गंज लिहावा, आणि मी वीसपैकी वीस द्यावेत. पंधरा वर्षांत कुणाला न दिलेले. माझी माफी मी अशी मार्कांत मागणार होते. वर्गासमोर तोंडानं मागायची हिंमत नव्हती ना.

गठ्ठ्यात तिची उत्तरपत्रिका आल्यावर मी बाकीच्या बाजूला सारल्या.

'अरुणोदय होताच पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट सुरू होतो. आई अंगणात सडा घालते, रांगोळी काढते आणि तुळशीला पाणी घालते. आजी जपमाळ ओढत असते. बाबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत असतात.' शेवटपर्यंत. एक काना इकडे नाही, एक स्वल्पविराम तिकडे नाही. जुलैत सांगितलेली ती सकाळ तिनं नऊ महिने जशीच्या तशी जपून ठेवली होती.

मी तिला बोलावून घेतलं. या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. उत्तरपत्रिका तिच्यापुढे ठेवली.

"हे का लिहिलंस, वच्छला? तुझी स्वतःची सकाळ का नाही लिहिलीस?"

मी तुळशीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुमच्या घरी तर तुळस नाही," मी म्हणाले.

"निबंधात लावली जी," ती म्हणाली. "निबंधात लावायला माती नाही लागत."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. खरंच शोधला, सापडला असता तर बरं वाटलं असतं. नव्हता. बाईंनी शिकवलेलं ती बाईंना म्हणून दाखवत होती, धडा पाठ असलेल्या मुलीसारखी, आणि बरोबर आलं की नाही हे बघायला माझ्याकडे बघत होती.

"जाऊ जी?" तिनं विचारलं.

मी जा म्हटलं. मग लाल पेन उघडलं आणि इतकी वर्षं त्या निबंधाला देत आले होते तेवढेच, सोळा मार्क दिले.